‘कंप्युटर बदला’ न ऐकता जुन्या एक्स्पीवर चालवलेला म्युझिक प्लेयर: वापरानंतरचा अनुभव

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं “मॅडम, प्लेयरला काही झालेलं नाही, तुम्ही कंप्युटर बदला” असं सांगून प्लेयर परत हातात दिला, त्या संध्याकाळी मी या प्लेयरला दोन स्टार दिले होते. आज ते बदलून चार करते आहे. प्लेयर तोच आहे, संगणकही तोच, आणि दोघांचं आता व्यवस्थित जमतं. अडचण नेमकी कुठे होती हे मला कुठेच एका जागी वाचायला मिळालं नाही, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

प्लेयरची माहिती सगळ्यांनी पाहिलेली असणार, ती पुन्हा देत नाही. मी घेतला तो बटणांसाठी. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनचा टचस्क्रीन जमत नाही. बोट जरा जास्त वेळ टेकलं की भलतंच काहीतरी उघडतं आणि मग ते फोन बाजूला ठेवून देतात. इथे चालू, बंद, पुढे, मागे अशी दाबून कळणारी बटणं आहेत. त्यात ६४ जीबीचं मेमरी कार्ड घातलं.

आता संगणकाविषयी. तो विंडोज एक्स्पी या विंडोजच्या जुन्या आवृत्तीवर चालतो आणि पुढेही तसाच चालणार आहे. ८ एप्रिल २०१४ पासून एक्स्पीला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, बंद झाला हे मला ठाऊक आहे, म्हणूनच त्याला इंटरनेट जोडलेलं नाही. त्याच्या आत एक साउंड कार्ड आहे, ज्याचे ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजला ओळखता यावं म्हणून लागणारे प्रोग्रॅम, एक्स्पीच्या पुढे निघालेच नाहीत. त्याच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या खाचेला, टेपरेकॉर्डर जोडून मी आप्पांच्या कॅसेटी उतरवून घेते. गावच्या उत्सवातली कीर्तनं, आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफिली. वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेल्या फितीचा एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो, त्यामुळे काही कॅसेटींत बुवांचा शब्द येण्याआधी क्षणभर तोच शब्द अगदी पुसट ऐकू येतो. अशा फिती आणखी किती काळ टिकतील सांगता येत नाही. हे काम या संगणकावर उत्तम होतं, आणि केवळ एक प्लेयर जोडता येईना म्हणून तो मोडीत काढायला मी तयार नव्हते.

पहिला आणि माझ्या मते सगळ्यात अक्षम्य दोष केबलचा. खोक्यात निघाली ती वीतभर लांबीची केबल. संगणकाला लावली की प्लेयरवर बॅटरीचं चिन्ह हलायला लागायचं, बस्स. संगणकाला प्लेयर आला आहे याची गंधवार्ताही नसायची. ना ‘टिंग’ आवाज, ना कोपऱ्यात चिन्ह. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात: लाल आणि काळी विजेची, पांढरी आणि हिरवी माहितीची. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये पांढरी आणि हिरवी नसतातच. बाहेरून दोन्ही केबली हुबेहूब सारख्या. खोक्यावर, कागदावर, केबलीच्या टोकाला कुठेही ‘फक्त चार्जिंगसाठी’ असं छापलेलं नाही. ज्या वस्तूत गाणी भरल्याशिवाय ती वस्तूच निरुपयोगी, तिच्यासोबत गाणी भरता न येणारी केबल द्यायची आणि तसं सांगायचंही नाही, हे मला पटूच शकत नाही. दोन तारांचे असे कितीसे पैसे वाचले असतील? सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी स्वतःची केबल लावली, स्वतःच्या लॅपटॉपला जोडली, प्लेयर दिसला, आणि ‘आमच्याकडे चालतो’ असा निकाल दिला. मी नेलेली केबल कुणी हातातसुद्धा घेतली नाही. शेवटी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, डेटा केबल, म्हणजे चारही तारा असलेली केबल, आणली. दुकानदारानं मी न सांगता स्वतःच ती जोडून दाखवली आणि मग पैसे घेतले. ही साधी पद्धत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला का जमू नये?

नव्या केबलनं ‘टिंग’ आवाज आला, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या विंडोजमधल्या यादीत, पिवळं प्रश्नचिन्ह. इथे दुसरी गोष्ट कळली. प्लेयरच्या सेटिंगमध्ये, तेही ‘सिस्टिम’च्या पोटात, यूएसबीचे दोन प्रकार आहेत. एक एमटीपी, ज्यात कार्डाचा कारभार प्लेयरकडेच राहतो, आणि दुसरा साधा ड्राइव्ह, ज्यात प्लेयर पेनड्राइव्हसारखा दिसतो. कारखान्यातून येताना तो एमटीपीवर असतो. एक्स्पीला एमटीपी कळायला विंडोज मीडिया प्लेयरची किमान दहावी आवृत्ती लागते. आमच्याकडे नववी होती. अकरावीचा इन्स्टॉलर भाच्याच्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हनं आणला, टाकला, संगणक बंद करून चालू केला, आणि प्लेयर ‘माय कंप्युटर’मध्ये दिसला.

तरी तेव्हा मी एमटीपीवर वैतागलेलेच होते. त्यात ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, फोल्डर उघडायला वेळ लागतो, आणि प्लेयरवरची फाइल तिथल्या तिथे ऐकून नाव बदलणं जिकिरीचं. म्हणून साधा ड्राइव्ह निवडला. प्लेयरची आतली मेमरी लगेच उघडली. कार्डावर टिचकी मारली तर एक्स्पीनं विचारलं: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?

या चौकटीपाशी थांबा. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, “हो म्हणा मॅडम, फॉरमॅट झालं की दिसेल.” त्या कार्डावर भाच्याच्या लॅपटॉपवरून भरलेली कीर्तनं होती, आणि प्लेयरवर ती छान वाजतही होती. ‘हो’ म्हटलं असतं तर सगळी गेली असती. फोनवरच्या माणसानं आधी एकदा तरी विचारायला हवं होतं की कार्डावर काही आहे का. ग्राहकाच्या कार्डावर काय असेल याची त्याला कल्पना नसते, आणि म्हणूनच तो प्रश्न विचारणं हे त्याचं पहिलं काम आहे.

कार्डाला काहीही झालेलं नव्हतं. ३२ जीबीच्या वरची एसडी कार्डं दुकानातून एक्सफॅट या फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीनं फॉरमॅट होऊन येतात. मुळातल्या एक्स्पीला एक्सफॅट वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याला तो ‘फॉरमॅट केलेलं नाही’ म्हणतो. मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये एक्स्पीसाठी एक्सफॅटचं अपडेट काढलं होतं, क्रमांक केबी९५५७०४, सर्व्हिस पॅक (एक्स्पीचा सुधारणांचा मोठा संच) २ किंवा ३ असेल तर चालणारं. ते हाताशी असेल तर प्रश्नच मिटला. मी दुसरा मार्ग धरला. कार्डावरचं सगळं आधी लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि कार्ड फॅट३२ या जुन्या, एक्स्पीला कळणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट केलं. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय दिसत नाही, पण ते करून देणारी छोटी फुकट साधनं आहेत, आणि लिनक्सवर तर ते सरळ होतं. गंमत अशी की मोठं फॅट३२ कार्ड एक्स्पी बिनतक्रार वाचतो आणि त्यावर लिहितोही. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, पण सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला आवाज, तासाला साधारण ६०० एमबी होते, तेव्हा सहा तासांचं कीर्तनही त्यात बसेल.

कार्ड काढून संगणकाच्या कार्ड रीडरमध्ये घालण्याचा सल्लाही मला मिळाला होता. जुने रीडर एवढी मोठी कार्डं ओळखत नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

एवढं झाल्यावरही कॉपी चालू असताना जोडणी मध्येच तुटायची. मी केबल लावत होते ते संगणकाच्या पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट (केबल लावायच्या खाचा) कॅबिनेटच्या आतून एका तारेनं मदरबोर्डला जोडलेले असतात; आमच्या जुन्या कॅबिनेटमधली ती तार सैल झाली होती. मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात. मागे लावल्यापासून एकदाही तुटली नाही. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात, त्यामुळे प्लेयर आधी भिंतीवर चार्ज करून मग जोडते. वेग फारच कमी वाटला तर पोर्ट यूएसबी १.१ चा नाही ना ते पाहा. तिथे सेकंदाला १२ मेगाबिट एवढीच मर्यादा असते, म्हणजे तासाभराच्या वेव्ह फाइलला दहा मिनिटं सहज.

आता मत बदललं ते एमटीपीविषयी. एका संध्याकाळी वीज गेली आणि कॉपी अर्धवट राहिली. तेव्हा साधा ड्राइव्ह वापरत होते. कार्डावर एक फोल्डर असा बिघडला की उघडेना, चेकडिस्क हा डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम चालवावा लागला. एमटीपीत कार्डावर लिहिण्याचं काम प्लेयर स्वतः करतो, संगणक फक्त फाइल सोपवतो. त्यामुळे अशा वेळी नुकसान फार तर त्या एका फाइलचं, आणि कार्ड एक्सफॅट आहे की फॅट३२ याच्याशी संगणकाला देणंघेणं नसतं. ज्यांना फॉरमॅटच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी मीडिया प्लेयर अकरा टाकून एमटीपीच वापरावं. मी अजून साधा ड्राइव्ह वापरते, कारण मला फाइलींची नावं तिथेच बदलावी लागतात, पण यूपीएस असेल तरच, आणि ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय केबल ओढत नाही.

नावांची एक तक्रार आहे. पडद्यावर मराठी अक्षरं दिसतात पण जुळत नाहीत. ‘विठ्ठल’ची वेलांटी व च्या पुढे जाऊन बसते आणि दोन्ही ठ सुटे पडतात. भारतात विकायच्या वस्तूत हे नीट असायला हवं. कंपनीला कळवलं आहे.

आवाजाबद्दल मात्र मी मनापासून खूश आहे. टाळ-मृदंग एकदम वाढतात तिथे स्वस्त प्लेयर फाटतो, हा फाटत नाही. पहाटे आप्पा स्वतः लावतात, कुणाला हाक मारत नाहीत, आणि जिथे थांबवलं तिथून पुढे तो आपोआप सुरू होतो. पावसाळ्यापासून रोज वापरूनही बॅटरी उतरल्यासारखी वाटत नाही.

एक स्टार केबलसाठी कापला आहे आणि तो परत देणार नाही. घ्यायचा असेल तर जरूर घ्या, फक्त डेटा केबलचे पैसे किमतीत धरा. आणि सर्व्हिस सेंटरला जाणार असाल तर खोक्यातली केबल सोबत न्या आणि ती त्यांच्याच लॅपटॉपला लावून दाखवायला सांगा.