बॅक्युला, चौदा महिन्यांनंतर: ‘किती दिवस ठेवायचं?’ याची तीन उत्तरं

आमचा इंजिनिअरिंगचा छोटा कारखाना. चार सर्व्हर, पस्तीसेक पीसी आणि आयटीला मी एकटा. ऑगस्ट २०२४ मध्ये बॅक्युला हे बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर बसवलं. ओपन सोर्स, फुकट. नाव बॅकअप आणि ड्रॅक्युला यांचं मिळून केलेलं. रात्री येऊन कंप्युटरमधलं सत्त्व शोषून नेतो, असं त्यांचंच ब्रीद आहे. शोषण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ते काम चोख होतं. जे भोगलं ते जुनं कधी टाकायचं यावरून, आणि त्यातलं बरंचसं माझ्याच कर्माने.

बॅकअप ज्यात लिहिला जातो ती मोठी फाइल म्हणजे व्हॉल्यूम, आणि एकाच नियमाने चालणाऱ्या व्हॉल्यूमचा गट म्हणजे पूल. सुरुवातीला एकच पूल केला, व्हॉल्यूम रिटेन्शन (राखून ठेवायची मुदत) ३० दिवस. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुल (सगळ्याचा बॅकअप), बाकी रोज रात्री इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच). महिना म्हणजे तीस दिवस, सोपा हिशेब! पण १ सप्टेंबरच्या रविवारपासून ६ ऑक्टोबरच्या रविवारपर्यंत पस्तीस दिवस होतात. ऑक्टोबर लागला, एका रात्री व्हॉल्यूम हवा होता, बॅक्युलाने मुदत संपलेला सगळ्यात जुना उचलला आणि त्यावर लिहिलं. तो नेमका फुलचा. दुसऱ्या रात्री मागे फुलच सापडेना, म्हणून इन्क्रिमेंटलचं आपोआप फुल झालं. सकाळी आलो तर जॉब (बॅकअपची ती फेरी) चालूच आणि सगळ्यांचं नेटवर्क गोगलगाय. मधला एक दिवस आमच्याकडे महिनाभराचे इन्क्रिमेंटल होते आणि त्यांचा पाया नव्हता. त्या दिवशी डिस्क गेली असती तर? आजही पोटात गोळा येतो.

मग पूल वेगळे केले. फुलला एक वर्ष, इन्क्रिमेंटलला ४० दिवस. कॉन्फिग बदललं, रीलोड केलं, निवांत झालो. आठवड्याने सहज यादी पाहिली तर जुने व्हॉल्यूम अजून ३० वरच! पूलमधला आकडा पुढे तयार होणाऱ्या व्हॉल्यूमना लागतो; आधीच्यांची मुदत कॅटलॉगमध्ये (बॅक्युलाच्या नोंदवहीत) जन्मवेळीच लिहिलेली असते. ती कन्सोलमधून (बॅक्युलाला कमांड द्यायच्या खिडकीतून) अपडेट करून बदलावी लागते. आणखी एक गंमत: व्हॉल्यूम ‘अपेंड’ अवस्थेत, म्हणजे त्यात अजून लिहिता येत असेपर्यंत मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. म्हणून एका व्हॉल्यूमवर किती जॉब किंवा किती तास लिहायचं, याची मर्यादा घालाच.

जानेवारीत अकाउंट्सच्या मॅडम आल्या. ‘‘दादा, ऑक्टोबरमधली स्टॉकची शीट मिळेल का हो?’’ मी ऐटीत म्हटलं, ‘‘मिळेल की, वर्षभराचं ठेवतो आपण.’’ कन्सोलने सांगितलं की फायलींची यादी प्रून झालीय (मुदत संपून पुसली गेलीय), एकेक फाइल निवडता येणार नाही. सगळा जॉब रिस्टोअर करू का? फाइल रिटेन्शन मी लिहिलंच नव्हतं. न लिहिल्यास फाइलची नोंद ६० दिवस, जॉबची १८०, व्हॉल्यूम ३६५. डेटा डिस्कवर ठणठणीत, फक्त कुठली फाइल कुठे याची वही फाडलेली. एका शीटसाठी ३८० जीबी काढले. संध्याकाळी सातला शीट हाती आली, तोवर मॅडमनी ती हाताने पुन्हा तयार केली होती.

आता फाइल आणि जॉबची मुदत पूलमध्येच, व्हॉल्यूमइतकी लिहिली आहे. तिथे लिहिली की क्लायंटवरची (त्या-त्या मशीनसाठी लिहिलेली) बाजूला पडते. कॅटलॉग फुगला, पण परवडतो.

डिस्क भरण्याचा प्रश्न मात्र व्हॉल्यूम पर्ज झाल्याने (त्याच्या नोंदी कॅटलॉगमधून पुसल्या गेल्याने) सुटत नाही. पर्ज झालेला व्हॉल्यूम पुन्हा वापरात येईपर्यंत तेवढीच जागा अडवून बसतो. मला हे आवडतं, चुकून पर्ज केलेलंही बीस्कॅन या बॅक्युलाच्याच टूलने परत वाचता येतं. जागा हवीच असेल तर ट्रंकेटची (व्हॉल्यूम रिकामा करायची) कमांड स्वतः चालवायची; मी ती फक्त इन्क्रिमेंटलवर चालवतो.

राहता राहिले मालक. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, म्हणून ‘सगळंच आठ वर्षं ठेवा’ असा आदेश आला. सगळं नाही ठेवलं. ३१ मार्चनंतरच्या एका फुलसाठी वेगळा पूल केला, त्यावर ऑटोप्रून (नोंदी आपोआप पुसणं) बंद, आणि ती डिस्क काढून कपाटात. दिवाळीच्या सुट्टीत कारखाना शांत असेल तेव्हा ती जोडून एक जॉब परत काढून बघणार आहे.