शॉकअपचं ब्रॅकेट: टाका मारायचा की बोल्टनं आवळायचं?

जुन्या जीपला मागं लांब शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बसवायचे ठरवले की खरं अडतं ते एक्सलवर ते अडकवायचे कशाला, इथं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "सोडा की गाडी हितं, वेल्डिंगचं दोन टाकं मारून देतो." मीही सोडली. पंधरा दिवसांत डाव्या ब्रेक ड्रममध्ये ऑइल उतरलं.

चूक वेल्डिंगची नव्हती, ते ज्या घाईत झालं त्याची होती. एक्सलच्या पाइपला एकाच बाजूनं लांब टाका पडला की थंड होताना तो आकसतो आणि पाइपला आपल्याकडं ओढतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण आतला शाफ्ट आणि ऑइल अडवणारं सील यांचं केंद्र हलतं. त्यात माझ्या गाडीला अर्थिंगचा चिमटा ड्रमला लावलेला होता, म्हणजे करंट गेला बेअरिंगमधून. सीलबरोबर बेअरिंगही बदलावं लागलं. वेल्डिंगच हवं असेल तर एक्सल उतरवून मोकळा करा, ७०१८ नंबरचे सुकवलेले वेल्डिंग रॉड वापरा, आलटून-पालटून लहान टाके घ्या आणि शेवटी पाइप सरळ आहे का ते तपासा. असं केलेलं ब्रॅकेट या सगळ्यांत मजबूत. पण एवढं कोण करतं? एक्सल ओव्हरहॉलला निघालाच असेल तर जरूर करा.

दुसरा पर्याय क्लॅम्पचा: पाइपभोवती दोन अर्धगोल आणि चार बोल्ट. हिशेबात हा पास होतो. शॉकअपचा जोर ३०० किलो धरला आणि तो पाइपच्या मध्यापासून ६० मिमी बाजूनं ओढतोय असं मानलं, तर पीळ येतो साधारण १८० न्यूटन-मीटर. ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) चार एम-१० म्हणजे १० मिमीचे बोल्ट नीट आवळले तर याच्या कितीतरी पट पीळ धरतात. घात होतो तो रंगामुळं. क्लॅम्पखाली रंगाचा थर राहिला की तो हळूहळू दबतो, बोल्टचा ताण उतरतो आणि ब्रॅकेट फिरायला लागतं. म्हणून पाइप लखलखीत घासायचा, आणि दोन अर्धगोलांत आवळल्यावरही दीड-दोन मिमी फट राहायला हवी. फट मिटली म्हणजे क्लॅम्प पाइपला नाही, स्वतःलाच आवळतोय. शॉकअपची रेघ पाइपच्या मध्यातून जाईल असा कान (शॉकअपची पिन धरणारा भाग) ठेवला तर पीळ जवळजवळ उरतच नाही. पाइपवरची ब्रेकची नळी मात्र आधी बघा.

कोल्हापुरात आहोत म्हटल्यावर "शिरोलीतनं ओतूनच घेऊ की" हा तिथल्या फाउंड्र्यांचा मोह होतो. दोन नगांसाठी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करणं परवडत नाही, आणि साधं सी.आय. म्हणजे बिडाचं लोखंड असेल तर ते वाकत नाही, थेट तुटतं. एस.जी. आयर्न (न तुटता थोडं वाकणारं बीड) चालेल, पण ८ मिमी प्लेट कापून केलेलं ब्रॅकेट दोन दिवसांत हातात येतं.

माझं मत तिसऱ्या पर्यायाला: पाट्याखालची (लीफ स्प्रिंगखालची) यू-बोल्टची प्लेटच नवी करायची, १० ते १२ मिमी जाडीची, आणि तिलाच कान काढायचा. यू-बोल्ट तसेही भरपूर ताणात असतात, फिरायचा प्रश्न नाही, पाइपला आच नाही. खोट एकच, कान खाली लोंबतो. दाजीपूरच्या वाटेवर जांभ्याच्या एका दगडानं माझी जुनी पिन अशीच वाकवली होती. म्हणून कान प्लेटच्या मागून वर घ्यायचा. पहिल्या घाटफेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, हे विसरू नका.

पर्याय कुठलाही घ्या, पिन दोन्ही बाजूंनी धरलेली असू दे. एकाच बाजूनं बाहेर आलेल्या १२ मिमी पिनेवर, प्लेटपासून ३० मिमीवर तेच ३०० किलो पडले तर ताण येतो ५३० मेगापास्कलच्या घरात. साधं माइल्ड स्टील २५० लाच नमतं. १६ मिमी पिनेला तोच ताण २२५ पर्यंत उतरतो, म्हणजे काठावर पास. आणि शॉकअप फार तिरका नको: उभ्या रेषेपासून ३० अंश कलला तर चाकाला त्याचा पाऊणच उपयोग, ४५ ला निम्मा.

कान वर घेतला की दगड चुकतो, पण शॉकअपला आत दबायला तेवढीच जागा कमी होते. म्हणून पक्कं करण्याआधी कान तात्पुरत्या क्लॅम्पवर बसवा, शॉकअपच्या उघड्या रॉडवर एक रबरी रिंग चढवा आणि माल भरून करूळ घाट उतरून या. रिंग पार टोकाला सरकली असेल, तर बंप स्टॉपच्या (एक्सलला वर अडवणाऱ्या रबराच्या) आधी शॉकअपच आदळतोय. मग कान इंचभर खाली घ्या, नाहीतर आखूड शॉकअप शोधा. तो मार टाकाही सोसणार नाही आणि बोल्टही.