सेल्फ कुरकुरला म्हणून लगेच बॅटरी बदलू नका: तीन प्रकारच्या बॅटऱ्यांची पारख

मोटारसायकलची बॅटरी किती टिकते याचं ठोकळ उत्तर सगळ्यांना माहीत असतं. पाण्याची बॅटरी दोन-तीन वर्षं, सीलबंद एजीएम तीन ते पाच, लिथियम पाचाच्या पुढे. पण तीच एजीएम एका गाडीवर दीड वर्षात मान टाकते आणि दुसरीवर सहा वर्षं बिनतक्रार सेल्फ मारते. याचं कारण बॅटरीपेक्षा गाडीच्या चार्जिंगमध्ये आणि वापराच्या पद्धतीत जास्त सापडतं. म्हणून वॉरंटीचे महिने बघून बॅटरी निवडणं हा निम्माच विचार झाला.

पाण्याची जुनी बॅटरी अजूनही वाईट नाही, फक्त तिच्याकडे लक्ष देणारा मालक हवा. सहाही कप्प्यांतली पातळी वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये असली पाहिजे. कमी झाली तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, ॲसिड नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. प्लेटचा उघडा पडलेला भाग कडक होतो आणि पुन्हा पाणी भरलं तरी तो पूर्वीसारखं काम करत नाही. वायू बाहेर सोडणारी बाजूची बारीक नळी सीटखाली दाबली गेली नाही ना, तिचं तोंड चेनवर किंवा सायलेन्सरवर येत नाही ना, हेही बघायचं. या प्रकाराची एक जमेची बाजू सहसा कुणी सांगत नाही: हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घालून प्रत्येक सेल, म्हणजे कप्पा, वेगळा तपासता येतो. पूर्ण चार्जला घनता १.२६ ते १.२८ येते. पाच सेल तिथे आणि सहावा ०.०५ ने खाली असेल, तर तो सेल गेला. चार्जरवर कितीही वेळ ठेवा, फरक पडणार नाही.

रोज चालणाऱ्या गाडीला आमची पसंती एजीएमलाच. ॲसिड काचेच्या तंतूंच्या चादरीत मुरलेलं असतं, सांडत नाही, पाणी घालावं लागत नाही, हादरेही बरे सोसते. मोठा वैरी म्हणजे जास्तीचं चार्जिंग. व्होल्टेज वाढलं की झडपेतून वायू बाहेर जातो आणि गेलेलं पाणी परत भरता येत नाही. वरची पट्टी उचकटून सिरिंजने पाणी घालायचा उद्योग करू नये.

एजीएमची खरी नासाडी मात्र बहुतेकदा पहिल्या तासातच होते. नावाच्या शेवटी ‘बीएस’ असलेली बॅटरी कोरडी येते, ॲसिडच्या सहा नळकांड्यांचा संच सोबत असतो. त्यांची सीलं हाताने न फोडता पूर्ण संच उलटा करून एकदम दाबायचा, बुडबुडे थांबेपर्यंत हलवायचा नाही. नळकांडी रिकामी झाल्यावर बॅटरी किमान अर्धा तास तशीच ठेवायची. मग क्षमतेच्या दहाव्या भागाने, म्हणजे ८ अँपिअर-अवर (साठ्याचं माप) क्षमतेच्या बॅटरीला ०.८ अँपिअरने, पाच ते दहा तास चार्ज करायची आणि मगच गाडीवर चढवायची. गिऱ्हाईक ताटकळत उभं असतं, म्हणून दुकानात ॲसिड ओतून दहा मिनिटांत बॅटरी बसवून देतात. अशी बॅटरी पुढे पूर्ण क्षमता गाठत नाही आणि लवकर गेली की दोष कंपनीला मिळतो.

लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, हातात घेतली की रिकामा डबा वाटते. वजन शिशाच्या, म्हणजे पाण्याच्या किंवा एजीएम, बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. सेल्फ जोरात फिरतो, पडून राहिली तरी आपणहून फारशी उतरत नाही. मेख लेबलवर आहे. त्यावरचा ‘समतुल्य’ अँपिअर-अवरचा आकडा सेल्फच्या ताकदीचा असतो, साठ्याचा नव्हे. १२ समतुल्य लिहिलेल्या बॅटरीत प्रत्यक्षात ४ च्या आसपास साठा असू शकतो. गाडीला ट्रॅकर किंवा अलार्म असेल तर लिथियम शिशाच्या बॅटरीच्या आधी रिकामी होते. शून्य अंशाखाली चार्ज केली तर सेल खराब होतात, आणि जुन्या गाडीचा रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) १५ व्होल्ट सोडत असेल तर तेही तिला चालत नाही. सल्फेट (शिशाच्या प्लेटांवर बसणारा थर) काढणाऱ्या मोडचा चार्जर तर अजिबात लावू नये. वजनासाठी जीव टाकणाऱ्यांनी जरूर घ्यावी, बाकीच्यांना गरज नाही.

आता बदलायची कधी? शिशाच्या बॅटरीपुरतं सांगायचं तर, आधी पूर्ण चार्ज करा, बारा तास काहीही न लावता ठेवा आणि मग मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. चार्जर काढल्या काढल्या दिसणारा आकडा फसवा असतो. १२.६ ते १२.८ व्होल्ट ठीक, एजीएमला थोडं वरही चालेल. १२.४ किंवा खाली आला तर संशय घ्या. निकाल मात्र दुसऱ्या मापाने लागतो: मीटरच्या पिना टर्मिनलवर धरून सेल्फ मारा. आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरीत जीव आहे. पूर्ण चार्ज असूनही ९.५ च्या खाली कोसळला तर ती गेली, मग ती वर्षाची असो की चार वर्षांची. इंधन इंजेक्शनच्या गाड्यांत याची चाहूल आधी लागते: सेल्फ फिरतो पण पंप दाब धरत नाही, गाडीचा डॅशबोर्ड मीटर रिसेट होतो, एबीएसचा दिवा पेटून राहतो.

नवी आणण्याआधी गाडीही तपासा. सुमारे ५००० आरपीएमला टर्मिनलवर १३.५ ते १४.७ व्होल्ट मिळायला हवेत. त्याहून कमी असेल तर स्टेटर (इंजिनातलं वीज तयार करणारं वेटोळं), रेक्टिफायर किंवा नुसता जळका कनेक्टर. १५ च्या वर असेल तर रेक्टिफायर गेलाय, नवी बॅटरीही तो उकळून काढेल. मग किल्ली बंद करून निगेटिव्ह वायर सोडा आणि ती वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर मिलिअँपिअरवर लावा. (मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारलात तर मीटरचा फ्यूज उडालाच.) एक-दोन मिलिअँपिअर माफ. २० दिसले तर ८ अँपिअर-अवरचा साठा ४०० तासांत, म्हणजे सुमारे सतरा दिवसांत संपतो, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. उतरलेल्या अवस्थेत पडलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवलेली बरी. रोज पाच मिनिटं इंजिन जागेवर चालू ठेवण्याने उलट तोटाच होतो, कारण सेल्फने खाल्लेलं तेवढ्यात भरून निघत नाही.

विकत घेताना आकार जुळला म्हणून भागत नाही. वायटीएक्स २०-बीएस आणि वायटीएक्स २०एल-बीएस या दोन मॉडेलच्या बॅटऱ्या सारख्याच दिसतात, पण पॉझिटिव्ह टर्मिनल विरुद्ध बाजूला असतं. वायर ताणून उलटी बसवली की फ्यूज तर जातोच, रेक्टिफायरही जाऊ शकतो. भरून आलेली बॅटरी असेल तर उत्पादनाची तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी नको.

काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. पाना फ्रेमला टेकला तरी ठिणगी पडत नाही, एवढंच त्यामागचं कारण. टर्मिनलच्या खाचेतला चौकोनी नट खाली घसरतो आणि बोल्ट त्याला गाठत नाही. नटाखाली फोमचा छोटा तुकडा दाबून बसवा, नट वर राहतो, बोल्ट पहिल्या फेरीत आटा पकडतो. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा.