गाजर गवतावर मेक्सिकन भुंगे: चौदा महिन्यांनंतर

शिरूर तालुक्यात आमचा दोन एकर माळ आहे. पूर्वी त्यावर मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची गवतं गुडघ्याएवढी वाढायची. गेल्या सात-आठ वर्षांत गाजर गवतानं तो गिळला. वैरण कमी पडली की म्हशी त्यातच तोंड घालायच्या आणि दुधाला कडवट वास यायचा. उपटून उपटून आईच्या हातांवर चट्टे उठले, ते वेगळंच.

आधी तणनाशक मारून पाहिलं. गाजर गवताबरोबर उरलंसुरलं मारवेलही जळालं आणि उघड्या पडलेल्या मातीत पुढच्या पावसाला गाजर गवतच आलं, आधीपेक्षा दाट. एकेका झाडाला हजारो बिया, त्याही जमिनीत वर्षानुवर्षं टिकणाऱ्या. हे व्हायचंच होतं.

मागच्या जुलैत पाहुण्यांच्या रानातून गाजर गवताची पानं खाणारे मेक्सिकन भुंगे वेचून आणले. झाकणाला भोकं पाडलेल्या बरण्यांमध्ये गाजर गवताचाच पाला घातला आणि अंदाजे 800 भुंगे भरले. पांढुरकं अंग, पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा. हा कीटक 1983 मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणला होता.

पहिला महिना काहीच दिसलं नाही. ऑगस्टअखेर शेंड्यांवर पिवळट अळ्या दिसल्या आणि सप्टेंबरात सोडलेल्या जागेभोवती वीसेक पावलांपर्यंत नुसते दांडे राहिले. त्यापलीकडे मात्र गवत जसंच्या तसं. थंडीत भुंगे दिसेनासे झाले. मेले असंच मी धरून चाललो होतो, पण ते मातीत जाऊन बसले होते. यंदा जूनच्या दमदार पावसानंतर आठवड्याभरात बाहेर निघाले. त्या सकाळी आईला मुद्दाम माळावर घेऊन गेलो. आता एक एकरभर त्यांचा वावर आहे.

शेजाऱ्यांना तुरीची धास्ती होती. मी दोन्ही हंगाम बांधावरून पाहत आलोय, तुरीला ते लागले नाहीत.

पण नुसत्या भुंग्यांवर विसंबू नका. थोराड झाडं एकदा फुलोऱ्यावर आली की पानं गेली तरी बी धरतात. म्हणून ती आम्ही फुलं यायच्या आधीच, वाफसा असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटतो. रिकाम्या झालेल्या जागेत लगेच मारवेलचे ठोंब लावले. जागा मोकळी ठेवली की सगळी मेहनत वाया, हे मला तणनाशकानं शिकवलं होतं. रस्त्याकडेला टाकळ्याचं बी टाकलं, तो गाजर गवताला दाबतो. जनावरं टाकळा फारशी खात नाहीत, म्हणून माळावर तो नको. आणि जिथे भुंगे मातीत गेलेत तिथे उन्हाळ्यात नांगर घालू नका.

सगळं गाजर गवत गेलेलं नाही. वरच्या कोपऱ्यात अजून दाट आहे, तिथे यंदा भुंगे नेऊन सोडलेत. खालच्या बाजूला मात्र पवन्या आपोआप उगवलाय आणि यंदा दुधाला एकदाही वास आला नाही. जवळपास कुणाला भुंगे हवे असतील तर पाऊस आहे तोवर सकाळी बरणी घेऊन या, वेचायला मीही येईन.