हजेरीचा अंगठा

मोफत शिवणकाम प्रशिक्षणाच्या नावाखाली आमच्या बचत गटातील पाच महिलांची फसवणूक झाली आणि त्यांना त्या केंद्रापर्यंत घेऊन जाणारी मीच होते, म्हणून हे लिहिणे मी माझे कर्तव्य समजते.

2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत प्रशिक्षणार्थीला शुल्क भरावे लागत नाही, हे मला ठाऊक होते. त्या केंद्रचालकानेही एक रुपया मागितला नाही, आणि जो पैसे मागत नाही तो फसवणार कसा, असे मी धरून चालले. विद्यावेतन जमा करण्यासाठी म्हणून त्याने फक्त आधार कार्डाची आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स घेतली. केंद्र खरोखर योजनेत नोंदलेले आहे का, याची चौकशी मी केली नाही. ती माझी चूक.

हजेरी अंगठ्याने होत असे. सरकारी प्रशिक्षणातही आधारवरून हजेरी घेतात, त्यामुळे कोणालाच वावगे वाटले नाही. आमच्यातील सर्वांत मोठ्या, 44 वर्षांच्या मावशींच्या बोटांवरील रेषा धुणीभांडी करून झिजल्या आहेत. “मावशी, उमटला नाही, पुन्हा ठेवा,” असे म्हणत तो त्यांचा अंगठा रुमालाने पुसायचा आणि यंत्रावर दाबून धरायचा, आणि शेजारी उभी असलेली मी त्याच्या धीराचे मनातल्या मनात कौतुक करत असे. ते यंत्र ज्या मोबाइलला जोडलेले होते, त्याचा पडदा मात्र कायम त्याच्याच बाजूला असे.

तीन आठवड्यांनी केंद्राला कुलूप लागले. मावशींनी पासबुक भरून घेतले, तेव्हा अंगठा ‘पुन्हा’ ठेवलेल्या दिवशीच खात्यातून रक्कम काढल्याच्या नोंदी दिसल्या. इतर चौघींचेही तेच. बँकेचे संदेश मावशींच्या मुलाच्या बंद पडलेल्या क्रमांकावर जात होते. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही, हे मला तेव्हा प्रथमच समजले. ओटीपी कोणाला सांगू नका, असे आपण सगळ्यांना बजावतो. पण जिला वाचता येत नाही, तिचा अंगठा हीच तिची सही असते आणि अशा प्रशिक्षणाची सर्वाधिक गरजही तिलाच असते, याचा मला फार त्रास होतो.

असे घडल्यास त्याच दिवशी 1930 या सायबर मदतक्रमांकावर आणि बँकेत लेखी तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक त्रयस्थाची असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर नुकसानीचा भार येत नाही. एमआधार ॲपवरून बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. ही सोय मी आधीच वापरायला हवी होती. खात्याला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ना, हेही पाहावे.

पाचही तक्रारी नोंदवल्या आहेत, पैसे अद्याप आलेले नाहीत. मावशी आता जन शिक्षण संस्थेच्या वर्गाला जातात. निरक्षर आणि अल्पशिक्षितांसाठी असलेल्या या योजनेची सुरुवात 1967 मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ म्हणून झाली होती. पहिल्या दिवशी अंगठा ठेवण्यापूर्वी त्यांनी शिक्षिकेला पडदा आपल्याकडे वळवायला सांगितला आणि त्यावर काय लिहिले आहे, ते मला मोठ्याने वाचायला लावले.