खुर्ची की मैदान? सिकल सेल घेऊन रॉक ऐकायला निघालेल्यांसाठी

गेल्या महिन्यात आरमोरीकडचा एक पोरगा मिलमध्ये भेटायला आला. माझ्यासारखाच एसएस पॅटर्न, म्हणजे सिकल सेलचा पूर्ण आजार, नुसता वाहक नाही; माझ्यासारखंच गिटारचं वेड, वयाने पंधरा वर्षांनी लहान. मोबाइलवर मुंबईच्या एका कार्यक्रमाच्या तिकिटांचं पान उघडं होतं. "भाऊ, वरची खुर्ची घेऊ का खालचं मैदान?" घरच्यांनी, मित्रांनी, औषधाच्या दुकानदारानेसुद्धा त्याला खुर्चीच सांगितली होती. तेव्हा ट्रकवर तांदळाची पोती चढत होती आणि हलर सुरू होता, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. म्हणून आता सावकाश लिहितो.

मी दोन्ही करून पाहिलंय. खुर्ची एकदा, मैदान तीनदा. माझा कल कुठे आहे ते या आकड्यांवरूनच कळेल, तरी दोन्ही बाजू मांडतो.

क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, कशाने उठतो ते आपल्या भागात लाल कार्डवाल्याला, म्हणजे सिकल सेलच्या रुग्णाला, नव्याने सांगायला नको. पाणी कमी पडणं, थंडी, दगदग, ताप. तुम्ही हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या नेमाने घेता असं धरून चालतो. हिमोग्लोबिन सातच्या खाली असताना जावं का, हे मला विचारू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी राइस मिलमध्ये हिशेब लिहिणारा माणूस आहे.

हे वेड जुनं आहे. 17 मार्च 2007 ला आयर्न मेडन हा बँड बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजला तेव्हा मी बारावीत होतो, आणि बंगळूर आमच्या गावापासून चंद्राइतकं लांब होतं. 2011 मध्ये मेटॅलिका त्याच मैदानावर आले, 30 ऑक्टोबरला, दिवाळीनंतर चौथ्या दिवशी. त्या वेळी पैसे जमवले होते, सोबत यायला मित्रही तयार होता. पण ती तारीख मी हाताला सलाइन लावून काढली. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा रात्रभर रेडिओवर भजनं ऐकत होते. तेव्हापासून मनात बसलं होतं की एकदा तरी जायचंच, आणि जायचं तर सगळ्यात सुरक्षित पद्धतीने. सुरक्षित म्हणजे अर्थात खुर्ची.

खुर्चीचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. पाठ टेकायला मिळते. आपल्यापैकी अनेकांचा खुब्याचा सांधा लवकर जातो, हाडाच्या गोळ्याला रक्त पुरत नाही म्हणून. माझा डावा खुबा तिशीतच कुरकुरायला लागला. चार तास उभं राहणं म्हणजे पुढचे चार दिवस लंगडणं. खुर्चीत ते टळतं. अंगावर कोणी पडत नाही, धूळ नाही, जागा आधीच ठरलेली असते त्यामुळे दुपारपासून उन्हात जाऊन बसायची गरज नाही. सोबत आलेल्या भावाला काळजी कमी. तिकीट महाग असेल तर तेही एका परीने बरं, कारण महाग तिकिटाच्या बाजूला संडास जरा बरे असतात, असा माझा समज आहे.

मग काय बिघडलं? बिघडली ती रांग.

सिकल सेलमध्ये किडनीला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी प्या, नका पिऊ, ती पातळ आणि भरपूर होतच राहते. म्हणून आपल्याला इतरांपेक्षा जास्त प्यावं लागतं आणि जास्त वेळा उठावंही लागतं. शाळेत जायला लागल्यावरही मी कितीतरी वर्षं अंथरूण ओलं करायचो आणि त्यासाठी मारही खाल्ला. त्याचं कारण मला तिशीत, एका डॉक्टरीणबाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं तेव्हा कळलं. तिकीट काढताना मात्र हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कोणाच्याच येत नाही.

ते एक मोठं क्रिकेटचं स्टेडियम होतं. कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही, खुर्च्यांच्या रांगा सगळीकडे तशाच असतात. माझ्या रांगेत एकवीस खुर्च्या, त्यातली माझी अकरावी. डावीकडून गेलो तरी दहा माणसं, उजवीकडून गेलो तरी दहा. संडास आणि पाणी खालच्या मजल्यावर, सत्तर-बहात्तर पायऱ्या उतरून.

पहिल्यांदा उठलो तेव्हा सगळे हसत हसत उभे राहिले. एकाने पॉपकॉर्नसुद्धा पुढे केलं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पुन्हा उठलो, तेव्हा कोणी उभं राहिलं नाही, गुडघे तेवढे तिरपे केले. त्या गुडघ्यांवरून मी खुबा सांभाळत खेकड्यासारखा सरकत गेलो. तिसऱ्या खेपेला परत येताना अंधार झाला होता, मुख्य बँड यायचा होता आणि सगळ्यांचे मोबाइल वर. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "यांनी तिकीट तरी कशाला काढलं?" मराठीत म्हणाल्या. मला कळणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

मी बसलो, बाटली खुर्चीखाली ढकलली आणि नंतर तिला हात लावला नाही. तेव्हा साडेसात वाजले असतील. कार्यक्रम साडेदहाला संपला. बाहेर पडून गाडी गाठेपर्यंत मध्यरात्र. म्हणजे साडेचार तास मी फक्त दोन-तीन घोट प्यायलो, तेही घसा कोरडा पडला म्हणून.

भुसावळच्या पुढे दोन्ही नडग्यांत पाचर ठोकल्यासारखं सुरू झालं. बडनेऱ्यापर्यंत ते कमरेत चढलं. नागपूरला उतरलो तो थेट दवाखान्यात, चार दिवस. आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "गाणे आयकाले गेला न् सलाईन लावून आला." यावर मी काय बोलणार?

डॉक्टर म्हणाले, एकच कारण नसतं, जागरण झालं, एसी डब्यातली थंडी होती, पायऱ्या चढला. असेल. एका अनुभवावरून नियम काढू नये हे मलाही कळतं. पण पाणी मी तहान नसल्याने सोडलं नव्हतं, लाजेने सोडलं होतं. त्यामुळे खुर्ची म्हटलं की मला अजून ते वीस गुडघे आठवतात.

आता मैदान.

मला मैदान नवीन वाटलं नाही, आणि याचं श्रेय झाडीपट्टीला, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाला. दिवाळीनंतर मंडईचे दिवस लागले की आमच्याकडे रात्र-रात्र नाटक चालतं. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात. लहानपणी आई मला गोधडीत गुंडाळून घेऊन जायची. सतरंजी टाकायची ती गर्दीच्या कडेला, म्हणजे पोरगा उठला की कोणाला न तुडवता बाजूला नेता येईल. नाटक सुरूच असायचं, आम्ही जायचो, यायचो, थर्मासमधला चहा प्यायचो. मैदानावर मी तीच जागा शोधतो, कड.

2025 च्या मार्चमध्ये लोलापलूझा या संगीत महोत्सवात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ग्रीन डे हा बँड वाजला, तेव्हा मी पुढच्या कठड्याकडे फिरकलोच नाही. मैदानाच्या मध्याच्या जरा मागे साउंडवाल्यांचा मंडप असतो, जिथे बसून ते आवाज जुळवतात. त्याच्या पाठीमागे, एका बाजूला सरकून उभं राहायचं. आवाज तिथूनच जुळवला जातो, त्यामुळे तिथला तो सगळ्यात स्वच्छ, असं जाणकारही सांगतात. पुढे ढोलकीचा दणका छातीत बसतो हे खरं, पण गायकाचे शब्द चिखलात गेल्यासारखे होतात. मंडपामागे गर्दीही विरळ असते. खाली दुपट्टा टाकून बसता येतं. खुबा बोलायला लागला की मी बसतो, आवडतं गाणं लागलं की उठतो. स्टेज पूर्ण दिसत नाही, पडद्यावर पाहावं लागतं. माझी उंची पाच फूट तीन इंच, मला तसंही स्टेज कधी दिसलं नसतं.

त्या संध्याकाळी मी सहा वेळा उठून गेलो असेन. कोणाला पत्ताही लागला नाही. परत येताना दर वेळी जागा थोडी बदलायची, शेजारी नवा, तो विचारायचा "कहाँ से?" आणि मी "ब्रह्मपुरी" म्हटलं की "वो कहाँ है?" घरी आलो तो धड चालत आलो. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये होतो.

मैदानाची बाजू घेतोय म्हणून तिथे सगळं छान असतं असं समजू नका. प्लॅस्टिकचे संडास रात्री आठनंतर बघवत नाहीत, त्यामुळे लांबचा, गेटाजवळचा शोधून ठेवावा लागतो. धूळ उडते. आणि मुंबईची हवा आपल्याला फसवते. आपण ब्रह्मपुरीचे, 45 च्या वरचा पारा पाहिलेले, मुंबईच्या मार्चला आपण ऊन म्हणतच नाही. पण आपल्याकडे घाम लगेच वाळतो आणि जीभ कोरडी पडली की कळतं. तिथे घाम अंगावरच राहतो, माणसाला वाटतं आपण ओलेच आहोत, आणि आतून पाणी कमी होत राहतं. मी घड्याळ लावून पितो, अर्ध्या तासाला चार-पाच घोट. संध्याकाळी ओल्या शर्टावर वारा लागला की थंडी वाजते, म्हणून पिशवीत कोरडा बनियन. हे जरा म्हातारपणाचं वाटतं, पण चालतं.

गेटवरची झडती दोन्हीकडे सारखीच. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, त्यात आजाराचं नाव आणि पाणी व गोळ्या जवळ ठेवणं गरजेचं आहे हे एक वाक्य, एवढं पुरतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकल सेल आहे, त्यामुळे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, असेल तर तेही दाखवा. आयोजकांना आधी मेल करा, काही ठिकाणी दिव्यांगांसाठी उंच ओटा केलेला असतो. मला एकांनी उत्तर दिलं, एकांनी दिलं नाही. ओआरएसच्या पुड्या मात्र छापील पाकिटातच ठेवा. मी एकदा सोयीसाठी पावडर साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून नेली होती. पांढरी पावडर पाहून त्या सुरक्षारक्षकाचा चेहरा जो झाला, तो मी विसरणार नाही. शेवटी त्याच्यासमोर चिमूटभर तोंडात टाकून दाखवावी लागली.

प्रवासाबद्दल थोडक्यात. नागपूरपर्यंत साध्या एसटीत सिकल सेलच्या रुग्णाला सवलत आहे, ती घ्या. रेल्वेची सवलत उपचाराला जाताना मिळते, आणि गिटार ऐकणं ते लोक उपचारात धरत नाहीत. समृद्धीवरून ट्रॅव्हल्स लवकर पोचवते, पण 701 किलोमीटरमध्ये ड्रायव्हरच्या मर्जीने दोन-तीनदा थांबणार, आणि आपली अडचण वर सांगितलीच. त्यापेक्षा विदर्भ एक्सप्रेस बरी, संडास डब्यातच. एसीत गेलात तर पायमोजे घाला. आणि कार्यक्रमाच्या रात्रीच परतीची गाडी धरू नका, एक रात्र लॉजचे पैसे जाऊ द्या.

घरी बसून बघणं हाही एक मार्ग आहे. 26 जानेवारी 2025 ला कोल्डप्लेचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला, तो मी मिलच्या ऑफिसात बघितला. बरा वाटला. चहा वेळेवर मिळाला.

खुर्ची कोणी घ्यावी? ज्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय किंवा ठरलंय, ज्याला गर्दीत घाबरायला होतं, ज्याला दम लागतो, त्याने बिनधास्त घ्यावी, माझं ऐकू नये. फक्त एकच पाहावं. तिकिटाच्या नकाशात खुर्ची निवडता येत असेल तर रांगेच्या टोकाची, संडासाच्या जिन्याकडची घ्या. कडेची खुर्ची मिळाली तर माझं अर्धं म्हणणं बाद होतं. पण बऱ्याचदा संगणकच खुर्ची देतो, आणि त्याला तुमची किडनी ठाऊक नसते. मध्यातली खुर्ची आणि मैदान यांत निवडायचं असेल तर मी मैदान घेईन. आरमोरीच्या पोरालाही तेच सांगणार आहे, त्याच्या आईसमोर मात्र नाही.

हो, बाटलीचं राहिलं. मैदानाच्या गेटवर बाटली आत सोडतात, पण झाकण काढून घेतात, कोणी भरलेली बाटली स्टेजवर फेकू नये म्हणून. मग उघडी बाटली तोंडावर अंगठा धरून संध्याकाळभर सांभाळायची, अर्धं पाणी दुपट्ट्यावर. दुसऱ्या वेळी मी चिठ्ठी दाखवून झाकण परत मागितलं, तर गेटवरच्या माणसाने पिंपाकडे बोट दाखवलं. त्यात हजारभर झाकणं होती, "शोध यातलं तुझं." तिसऱ्या वेळेपासून एक जास्तीचं झाकण पाकिटात, नाण्यांच्या कप्प्यात ठेवतो. बाटली घ्याल त्याच मापाचं घ्या, सगळी झाकणं सगळ्या बाटल्यांना बसत नाहीत.