कॅम बदलला, सीसी नाही: रोड किंगच्या हिवाळी इंजिनकामाचा हिशेब

मिनेसोटात नोव्हेंबरमध्ये रस्त्यांवर मीठ पडू लागले की मोटारसायकल गॅरेजमध्ये जाते ती एप्रिलपर्यंत बाहेर येत नाही, आणि या पाच महिन्यांत इथला बहुतेक प्रत्येक टूरिंग गाडीवाला पार्ट्सचे कॅटलॉग मांडीवर घेऊन बसतो. पुण्यात आम्ही हेच पावसाळ्यात करत असू. जूनमध्ये इंजिन खोलायचे, नाना पेठ पालथी घालून सामान जमवायचे आणि गणपतीच्या सुमारास गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. तिथे ओळखीचा मिस्त्री "उद्या या" म्हणत आठवडा काढी; इथे जानेवारीतली तारीख हवी असेल तर ऑक्टोबरमध्येच फोन करावा लागतो. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या २०१८ च्या हार्ले-डेव्हिडसन रोड किंगवर जे काम करून घेतले, त्यातल्या सामानाचे आणि ते बसवणाऱ्या वर्कशॉपचे हे परीक्षण आहे. वर्कशॉपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यांच्याविषयीची एक तक्रार पुढे येणार आहे आणि ती नावानिशी मांडण्याएवढी मोठी नाही.

गाडीत मिलवॉकी-एट घराण्यातले १०७ घनइंचांचे, म्हणजे १,७४५ सीसीचे इंजिन आहे. २०१७ च्या मॉडेलपासून हे इंजिन हार्लेच्या टूरिंग गाड्यांत आले. नावातला आठाचा आकडा वाल्व्हचा, म्हणजे मिश्रण आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांचा आहे, पण पुशरॉड, म्हणजे त्या उघडणाऱ्या दांड्या, चारच आहेत, कारण एकेक पुशरॉड दुहेरी टोकाच्या रॉकरमधून (वाल्व्हवर दाबणाऱ्या तरफेतून) दोन-दोन वाल्व्ह उघडतो. याआधीच्या ट्विन कॅम इंजिनात दोन कॅमशाफ्ट, म्हणजे वाल्व्ह कधी आणि किती उघडायचे ते ठरवणारे दांडे होते, या इंजिनात एकच आहे, आणि कॅम बदलण्याचा विचार करणाऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

मला नेमके काय खुपत होते, ते आधी सांगतो. आमच्या घराजवळून जाणारा यूएस २१२ हा महामार्ग मिनियापोलिसच्या उपनगरातून, ईडायना गावातून सुरू होतो आणि साउथ डकोटाची सपाटी ओलांडून, मोंटाना आणि वायोमिंगच्या सीमेवरची बेअरटूथ खिंड चढून थेट यलोस्टोन उद्यानाच्या ईशान्य दाराशी संपतो. अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि खिंडीची उंची १०,९४७ फूट. रिकामी रोड किंगच सुमारे पावणेचारशे किलोची. तिच्यावर आम्ही दोघे, भरलेल्या पेट्या आणि तंबू चढला की साडेपाचशे किलोंचा ऐवज होतो. एवढे ओझे घेऊन सपाटीवर समोरून वारा आला की सहाव्या गिअरमध्ये, ताशी ७० मैलांवर, इंजिन मिनिटाला साधारण २,४०० फेऱ्यांवर असताना ट्रक ओलांडायला गाडी दम खात असे आणि पाचवा टाकावा लागे. घाटात तर दर वळणाला एक गिअर खाली. गाडी वाईट होती असे मुळीच नाही. माझे ओझे आणि माझा रस्ता सरासरी गिऱ्हाइकाचा नव्हता, इतकेच.

हार्लेच्या स्वतःच्या स्क्रीमिन ईगल विभागात या इंजिनासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पायरीत मोकळा श्वास घेणारा एअर फिल्टर, मोकळे सायलेन्सर आणि त्यांना जुळवून घेणारे इंधनाचे ट्यूनिंग येते. दुसऱ्या पायरीत कॅमशाफ्ट बदलतो. तिसरीत सिलिंडर आणि पिस्टन मोठे होतात: १०७ च्या इंजिनात स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) तोच ठेवून बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.९३७ वरून ४.०७५ इंच केला की ११४ घनइंच होतात आणि ४.२५० केला की १२४. चौथ्या पायरीत हेड आणि मोठी थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारे दार) येते, आणि तिथवर पोचलेल्या माणसाने टूरिंगचा विषय बहुधा सोडून दिलेला असतो.

आकड्यांचा मोह मलाही झाला. १२४ चे किट कागदावर फार देखणे दिसते आणि उंचीवरच्या विरळ हवेत मोठे इंजिन जास्त हवा ओढते, हा युक्तिवादही खोटा नाही. समुद्रसपाटीच्या तुलनेत बेअरटूथच्या माथ्यावर साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटते. पण मोठ्या बोअरबरोबर कॉम्प्रेशन वाढते, क्लचची स्प्रिंग कडक करावी लागते, उष्णता वाढते, आणि टूरिंगवाल्याला मुख्य अडचण पेट्रोलपंपावर येते, कारण वाढलेल्या कॉम्प्रेशनला जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागते. साउथ डकोटातल्या आडगावात दोन नळ्यांचा एकच पंप असतो आणि त्यावर कधी ८७, तर कधी ८५ ऑक्टेनचेच पेट्रोल मिळते. या इंजिनात नॉक, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक, ओळखणारे सेन्सर आहेत हे खरे, पण सेन्सरने नॉक ऐकल्यावर ठिणगी उशिरा टाकायची म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली ताकद पंपावर सोडून पुढे जाण्यासारखे आहे. म्हणून तिसरी पायरी मी सोडून दिली.

राहिला कॅम, आणि निवडीची खरी मेख इथेच आहे. दुकानदार 'टॉर्क कॅम' आणि 'पॉवर कॅम' अशी दोन नावे घेतात. त्यांतला फरक मुख्यतः इनटेक वाल्व्ह कधी बंद होतो यात आहे. वाल्व्ह लवकर बंद झाला की कमी फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये आलेले मिश्रण मागे ढकलले जात नाही, दाब चांगला साठतो आणि गाडी २,००० पासून ओढते; उशिरा बंद झाला की साडेचार-पाच हजारांवर इंजिन मोकळे होते, पण खालचा भाग पोकळ राहतो. माझे इंजिन प्रवासातला बहुतेक वेळ २,००० ते ३,२०० च्या दरम्यान घालवते, हे मी आदल्या हंगामात फेऱ्यांच्या काट्याकडे पाहून वहीत लिहून ठेवले होते. गाडीवर पैसे खर्च करण्यापूर्वीचे सर्वांत उपयोगी काम हे होते आणि त्याला एक पैसाही लागला नाही. त्या वहीच्या आधारे स्क्रीमिन ईगलचा एसई८-४४७ हा टॉर्क कॅम निवडला. पॉवर कॅमचे डायनोवरचे (चाकाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) आलेख अधिक उंच दिसतात, पण त्या शिखरावर मी वर्षातून चार वेळा तरी जातो की नाही, शंकाच आहे.

ट्यूनिंगच्या बाबतीत इथे कायदा आडवा येतो आणि तो समजून घेतलेला बरा. २०१६ मध्ये हार्लेने प्रदूषणाची मर्यादा ओलांडू देणारी ट्यूनर यंत्रे (इंधन आणि ठिणगीचे हिशेब बदलणारी) विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेशी तडजोड करून १.२ कोटी डॉलरचा दंड मान्य केला होता. तेव्हापासून कंपनीचा अधिकृत ट्यूनर मर्यादेत राहूनच काम करतो. माझ्या कॅमला तो पुरला. बाहेरचे ट्यूनर अधिक मोकळीक देतात, पण मला कुणाला उत्तर देत बसायचे नव्हते.

आता वर्कशॉपविषयी. शहराबाहेर, रेल्वेमार्गाला लागून असलेल्या एका गोदामात तीन माणसे हे काम करतात. उणे वीस अंशांत, मिठाने पांढऱ्या झालेल्या रस्त्यावरून गाडी चालवत नेणे शक्य नसल्याने ती मित्राच्या पिकअपमध्ये बांधून नेली. मुख्य फिटरने गाडी लिफ्टवर घेण्याआधी मला अर्धा तास प्रश्न विचारले: ओझे किती, पेट्रोल कुठले, गाडी कुठल्या उंचीवर जाते, मागे कोण बसते. मी वही पुढे केल्यावर त्याने ती वाचली आणि पॉवर कॅमचा विषयच काढला नाही. सामान विकण्यापेक्षा गिऱ्हाइकाचा रस्ता समजून घेणारा माणूस इथे विरळाच भेटतो.

काम पाहण्याची परवानगी होती, म्हणून एक शनिवार मी तिथे काढला. कॅमचे झाकण काढल्यावर त्याने क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, टोकाला डायल गेज लावून इंजिन हाताने सावकाश फिरवले. काटा दोन सहस्रांश इंचांच्या आत हलला, तेव्हाच त्याने मान डोलावली. क्रँक याहून बराच वाकडा फिरत असता, तर नवा कॅम बसवण्यात अर्थ नव्हता, असे तो म्हणाला. मूळ पुशरॉड कमीजास्त करता येत नाहीत आणि ते शाबूत काढायचे तर पेट्रोलची टाकी आणि रॉकरची झाकणे उतरवावी लागतात; त्यामुळे त्याने मोठी कातरी घेऊन चारही पुशरॉड सरळ कापून काढले. पहिला 'कट्' ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. त्यांच्या जागी लांबी जुळवता येणारे पुशरॉड आले, आतले कॅम बेअरिंग आणि टॅपेटही (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले भाग) नवे घातले. कॅमच्या आणि क्रँकच्या चाकांवरच्या खुणा एका रेषेत आल्याची खात्री त्याने टॉर्च लावून दोनदा केली, मग माझ्या हातात टॉर्च देऊन मलाही पाहायला लावले.

आता तक्रार. काम तीन आठवड्यांचे सांगितले होते, ते सात आठवडे चालले. टॅपेट मागवायला उशीर झाला हे मला चौथ्या आठवड्यात, तेही मी फोन केल्यावर कळले. आणि एप्रिलमध्ये गाडी घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी पुढच्या सिलिंडरच्या पुशरॉड नळीच्या तळाशी तेलाचा ओलसर वळसा दिसला. नळीचे ओ-रिंग बसवताना चिमटले गेले होते. चार-पाच डॉलरचे रबर, पण त्यासाठी पुन्हा अर्ध्या दिवसाचा हेलपाटा. त्यांनी वाद न घालता, पैसे न घेता चारही नळ्यांची रबरे बदलून दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. मात्र गाडी देण्यापूर्वी ती अर्धा तास गरम करून खाली एक पांढरा कागद अंथरला असता, तर हे तिथेच कळले असते.

निकालाचे आकडे त्यांच्याच डायनोवरचे, मागच्या चाकाचे आहेत. कामाआधी टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचे बळ, ९७ फूट-पाउंड होता, नंतर १०९ झाला. मला त्या शिखरापेक्षा २,४०० फेऱ्यांवर मिळालेली वाढ मोलाची वाटते, कारण माझा ट्रक तिथेच ओलांडायचा असतो. जूनच्या अखेरीस आम्ही पुन्हा त्याच २१२ ने गेलो. साउथ डकोटाच्या वाऱ्यात सहावा गिअर टिकला. खिंडीच्या पायथ्याच्या रेड लॉज गावाहून वर चढताना जिथे मागच्या वेळी तिसऱ्यावर यावे लागले होते, त्यांपैकी बऱ्याच वळणांवर चौथा चालला. माथ्याजवळ मात्र हवा आपला वाटा घेतेच, तिथे तिसराच लागला. मागे बसलेल्या बायकोला मी मोठ्या अपेक्षेने विचारले, तर ती म्हणाली, "मला काही वेगळं वाटलं नाही, तुझ्या हेल्मेटवर माझं हेल्मेट आपटायचं मात्र कमी झालंय." गिअर कमी बदलले, म्हणून हिसके कमी बसले, डायनोच्या कागदावर ही नोंद नव्हती. पेट्रोलच्या सरासरीत मला मोजण्याजोगा फरक आढळला नाही. थंड इंजिन सुरू करताना टॅपेटचा आवाज पूर्वीपेक्षा किंचित जास्त येतो आणि तेल वर चढले की मिनिटभरात बसतो. सायलेन्सर मी मूळचेच ठेवले, त्यामुळे थोडी ताकद सोडावी लागली असेल, पण शेजाऱ्यांशी संबंध शाबूत आहेत.

एकूण खर्च २,४१० डॉलर झाला: त्यात सामान निम्म्याहून थोडे कमी, डायनोवरचे ट्यूनिंग ४५० आणि उरलेली मजुरी. कॅम आणि ट्यूनिंग यांना मी पैसे वसूल म्हणेन; वर्कशॉपला पाचांपैकी चार गुण, आणि कापलेला पाचवा गुण ओ-रिंगचा नाही, तर न केलेल्या फोनचा आहे. पुढचे काम, म्हणजे मागचे शॉक अॅब्सॉर्बर, मी त्यांच्याकडेच देणार आहे, पण गाडी नोव्हेंबरमध्येच नेऊन ठेवणार आणि सगळे सामान त्यांच्या हातात आल्याशिवाय एकही नट सैल करू देणार नाही. कापलेल्या पुशरॉडचे आठ तुकडे त्यांनी मला पुठ्ठ्याच्या डब्यात घालून दिले होते. त्यांतले दोन आमच्या कुंडीतल्या टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून खोचलेले आहेत.